रिकाम्या डब्याची कोंबडी

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. देवाशप्पथ खरा. माझ्या उरलेल्या सात दातांची शप्पथ. ज्याला खोटं वाटेल त्याने आमच्या गावच्या सड्यावर यावं (सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार) आणि तिथला गोल काळा डाग बघावा. बाजूला गवत गुडघाभर होतं, त्या डागावर एक काडी उगवत नाही.

साल होतं दोन हजार एकेचाळीस. पोस्टाचं ड्रोन तेव्हा रोज सकाळी अंगणात उतरायचं. त्या दिवशी बाहेर खुडबुड झाली तशी मी आतूनच ओरडले, की पत्र असेल तर ओट्यावर ठेव, वर दगड ठेव. माझी नात चैताली बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, "आजी, पत्र नाही. पाहुणे आहेत. चहा टाकू का? पण त्यांना तोंडच नाही गं."

बघते तर हंड्याएवढा उंच, पिकल्या करवंदाच्या रंगाचा प्राणी. डोळे दोन, हात तीन, बोलणं पोटातून. नाव झुईन, वय तीनशे दहा, मुक्काम ठाम नावाचा ग्रह. मराठी तो येताना वाटेत रेडिओ ऐकून शिकला होता, त्यामुळे पाय धुवायला साधं पाणी मागितलं तरी बातम्या दिल्यासारखं वाटायचं.

त्याचं यान सड्यावर उभं होतं. चौथ्या दिवशी सूर्य बुडला की ते आपोआप उडणार होतं, झुईन आत असो नसो. ते चुकलं तर पुढचं यान बारा वर्षांनी. घरी त्याची आई वाट बघत होती. तेव्हा चार दिवसांत पृथ्वी बघायची आणि वेळेवर निघायचं, एवढंच त्याचं काम.

आता कोडं ऐका. हा प्राणी तारे ओलांडून आला. आल्या आल्या त्याने आमचा बंद पडलेला पंप नुसता हात लावून चालू केला. पण दुसऱ्या दिवशी त्याला एक साधी गोष्ट जमेना. माझा मोबाईल त्याने बघायला मागितला होता, तो काही त्याला खाली ठेवता येईना. का बरं?

ओसरीवर बसकण मारली त्याने. चष्मा नाकाच्या टोकावर, मान खाली, अंगठा वर-खाली. एक व्हिडिओ संपला की दुसरा. लोणच्याचे, मुरंब्याचे, कुठल्या कुठल्या सुनांच्या भांडणांचे. फोन टुंग वाजला की पोटातून आवाज यायचा, "आलो, आलो." चैताली त्याला विहीर दाखवायला, फणस दाखवायला बोलवायची. तो म्हणायचा, "हा एवढा संपला की निघूया." तो एवढा काही संपायचा नाही. त्याच्याकडे बघत बसण्यात माझा भातसुद्धा करपला.

तिसऱ्या दिवशी चैतालीने फोन तांदळाच्या डब्यात लपवला. झुईनने तो शोधून काढला, घरभर तांदूळ सांडले आणि वर दिवसभर रुसून बसला. म्हणजे हिसकावून घेऊन काही होत नाही, हे तिला कळलं. एक दिवस उरला होता.

चैतालीच्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. त्यासाठी तिने महिनाभर दोन पत्र्याचे डबे करून माझ्या दोन कोंबड्यांना शिकवलं होतं. डब्याला एक पट्टी. कोंबडीने पट्टीवर चोच मारली की आतून दाणे पडायचे. तांबडीच्या डब्यातून दर तिसऱ्या चोचीला दाणे पडायचे, ठरलेले. काळीच्या डब्याचा काही नेम नव्हता. कधी दुसऱ्या चोचीला, कधी नवव्या, कधी लागोपाठ दोनदा.

चौथ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही डबे रिकामे केले आणि झुईनला म्हणाली, की फोन हातात असू दे, फक्त डोळे वर कर आणि मोज.

तांबडीने चोच मारली. एक, दोन, तीन. दाणे नाहीत. चौदा चोची झाल्या, मान वाकडी करून तिने डब्याकडे पाहिलं आणि गेली गांडुळं शोधायला. काळी मात्र हटेना. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. ऊन अंगणात आलं, तांबडीचं पोट भरलं, काळी आपली टकटक करतेच आहे. एकशे ऐंशीला झुईनने मोजणं सोडलं.

"डबा तर रिकामा आहे," तो म्हणाला. "ती का थांबत नाही?"

"कारण तिला खात्री नाही," चैताली म्हणाली. "तांबडीला माहीत होतं, तिसऱ्याला मिळतं. नाही मिळालं, तर डब्यातलं संपलं. काळीला वाटतं, पुढच्या चोचीला मिळेल."

मग तिने सगळं नीट समजावलं. याला म्हणतात अनिश्चित बक्षीस (कधी मिळतं, कधी नाही, आणि आधी कळत नाही असं). मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं (ते 'चल, बघ, काहीतरी मिळेल' असं टोचत राहतं). बक्षीस ठरलेलं असलं की ते हळूहळू शांत होतं. नेम नसला की टोचणी चालूच राहते. फोनमधले दहा व्हिडिओ कंटाळवाणे असतात, अकरावा झकास. म्हणून बारावा बघायचा. टुंग वाजलं की मैत्रिणीचा निरोपही असू शकतो किंवा साबणाची जाहिरातही. म्हणून दर वेळी बघायचं.

ठाम ग्रहावर सगळंच ठरलेलं. झाडाला फळ ठरल्या दिवशी, कळ दाबली की वस्तू हजर. नेम नसलेली गोष्ट झुईनला जन्मात भेटली नव्हती. त्याने काळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि पोटातून हसला. बातम्या देणारा माणूस हसला तर कसं वाटेल, तसं.

पण गंमत अशी, की हसतानाही अंगठा चालूच होता. कळलं म्हणून सुटत नाही. तो म्हणाला, "मला आता सर्व समजले आहे. तरीही हात जातो."

"मग डबाच बदलू," चैताली म्हणाली.

तिने फोनचे सगळे आवाज बंद केले. निरोप येतील ते आत साठून राहतील आणि संध्याकाळी पाच वाजता एकदम दिसतील, असं केलं. व्हिडिओ रोज तीनच, तेही पाचलाच. म्हणजे काळीचा डबा होता त्याचा तांबडीचा केला. पहिल्या तासात झुईनचा हात चाळीस वेळा फोनकडे गेला. काहीच नाही. दुसऱ्या तासात पाच वेळा. मग तो उठला आणि म्हणाला, "फणस कुठे आहे?"

दिवसभर तो नुसता हुंदडला. विहिरीत ओरडला, फणसाचा चीक तिन्ही हातांना लावून घेतला, चैतालीकडून लगोरी शिकला आणि तिला हरवलंही. ऊन उतरलं तसे आम्ही तिघं सड्यावर निघालो.

वाटेत त्याने विचारलं, की चैताली, तुला फोन हवा का? शनिवारी तिला बारावं लागणार होतं. तिच्या बाबांनी फोन कबूल केला होता, निळं कव्हरसुद्धा तिने निवडून ठेवलं होतं.

"हवा तर आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही तीनशे दहा वर्षांचे, तुमची ही गत झाली. आमच्या बाई सांगतात, कपाळाच्या मागे मेंदूचा 'पुरे आता' म्हणणारा भाग असतो. तो पंचविशीपर्यंत वाढत असतो. माझा अजून कच्चा आहे. मी बाबांना सांगेन, फोन घरात सगळ्यांचा असू दे, फळीवर. तांबडीच्या डब्यासारखा. माझा एकटीचा, मोठी झाल्यावर."

"आणि कव्हर?" मी विचारलं.

"कव्हर आणू देत की."

पुढे ती म्हणाली, की मोठी झाल्यावर ती असा फोन बनवणार आहे जो स्वतःच म्हणेल, पुरे आता, जा खेळायला. झुईन म्हणाला, की बारा वर्षांनी तो बघायला येईल. मग यान उडालं, आणि तो डाग राहिला.

आता एक सांगून टाकते, नाहीतर रात्री झोप यायची नाही. झुईनने माझ्या फोनला बोटही लावलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, हे संपते कधी, आणि लांब जाऊन बसला. तोंड नसलेल्या प्राण्याला लोणच्याचं काय पडलंय? ओसरीवर बसलेली मी होते. चष्मा माझा, रुसवा माझा, तांदूळही मीच सांडले. काळीच्या चोची मी मोजल्या, आणि 'पुरे आता'वाला माझा भाग तर केव्हाच पिकलेला, तरी ही गत. चैतालीने मला वेळेवर उठवलं नसतं, तर झुईनला निरोप द्यायचा राहिला असता. सड्यावर पोचलो तेव्हा यानाचं दार मिटत आलं होतं, झुईन कसाबसा आत शिरला. फटीतून त्याचे तिन्ही हात हलताना मी पाहिले.

तेवढं एक सोडलं तर बाकी सगळं खरं. काळीला विचारा.