न्यू जर्सीत पावशा नसतो

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली ती राधिका माझी सख्खी मावसबहीण. मूळची नागपूरची, आता आयसेलिनला राहते, डेटाबेसचं काम करते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की नाक मुरडणाऱ्यांत तिचा पहिला नंबर. म्हणून तिने हे सांगितलं तेव्हा मी मध्ये एकदाही बोलले नाही.

तारीख ९ नोव्हेंबर २०२४. शनिवार.

जागा न्यू जर्सीच्या समुद्रकाठचं एक पक्षी अभयारण्य. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले दोन शहाणे येत्या शनिवारीच तिथे हजर होतील.

आधी जगन्नाथकाकांबद्दल सांगते. वय एकोणसत्तर, रिटायर्ड, पक्ष्यांचं वेड. उत्तरेकडचे पक्षी थंडीसाठी खाली उतरायला लागले की दर शनिवारी ते आठ-दहा मराठी मंडळींना घेऊन तिथल्या दलदलीत जायचे. सात वर्षं हा नेम. लोक दुर्बिणी घेऊन पांगतात आणि हाका मारल्या तर पक्षी उडतात. म्हणून परत बोलवायला काका शीळ घालायचे.

पावशाची.

आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत ओरडतो ना, "पेर्ते व्हा... पेर्ते व्हा..." तीच. प्रत्येक वेळी एक सूर वर चढत जाणारी.

"हा पक्षी अमेरिकेत नाही," काका सांगायचे. "त्यामुळे ऐकू आला तर तो मीच. डोळे मिटून आवाजाच्या दिशेने यायचं."

सात वर्षं सगळे तसेच गेले.

त्या दिवशी राधिकाला उशीर झाला. प्रीताची, म्हणजे तिच्या नऊ वर्षांच्या लेकीची मराठी शाळा लांबली, पुढे ट्रॅफिक लागला. पोचेपर्यंत काकांच्या सूचना देऊन झाल्या होत्या. दरवेळच्याच असणार, असं म्हणून राधिकाने विचारलंसुद्धा नाही.

चूक इथेच झाली.

दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट जाते. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेलं गवत. त्या वाटेवर बऱ्याच आत लपण, म्हणजे फटींतून पक्षी बघायची लाकडी खोली. समोरच्या पाण्यावर शेकडो पांढरे हंस उतरले होते आणि त्यांचा नुसता कल्ला चालला होता. घड्याळं मागच्याच रविवारी एक तास मागे गेलेली, त्यामुळे पावणेपाचलाच सूर्य बुडणार होता. पाचनंतर भरतीचं पाणी त्या वाटेवर चढतं. सव्वाचारला सगळ्यांनी बाहेर, हा काकांचा कायदा.

चारला सगळे निघाले. प्रीता हलेना. संध्याकाळी तिथे एक घुबड येतं आणि तिला ते बघायचंच होतं.

"पाच मिनिटं थांबते गं," राधिका मोनाला म्हणाली. मोना ग्रुपमधली मैत्रीण.

"थांब. काका बोलावतील तेव्हा ये."

दोघीच उरल्या.

घुबड काही आलं नाही. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला; शीळ आली नाही म्हणजे अजून वेळ आहे, असं राधिकाला वाटलं. उजेड मात्र भराभर उतरायला लागला. आणि मग...

हंस गप्प झाले.

एकेक करून नाही. सगळे एकदम.

राधिकाने फटीतून पाहिलं. हंस पाण्यावरच होते. माना ताठ. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

त्याच दिशेने शीळ आली.

"पेर्ते व्हा... पेर्ते व्हा..."

"मम्मा, काका आर कॉलिंग," प्रीता म्हणाली.

राधिकाने तिचा हात धरला आणि निघाली. गाडीत बसेपर्यंत तिने लेकीला एकदाही सोडलं नाही, हे लक्षात ठेवा.

बाहेर आल्यावर शीळ उजवीकडून येत होती. त्या दोघी आल्या होत्या डावीकडून. राधिका क्षणभर थबकली. पण उजवीकडेही फळ्या होत्याच, आणि काकांनी ग्रुपला दुसऱ्या वाटेने नेलं असेल, असं तिला वाटलं. पावशा म्हणजे काका. विषय संपला.

त्या चालत राहिल्या. शीळ पुढेच होती. दर वेळी तेवढ्याच अंतरावर.

पाच मिनिटं झाली.

दहा झाली.

फळ्या मऊ लागायला लागल्या. गवत इतकं जवळ आलं की दोन्ही खांद्यांना घासत होतं. आणि एका वळणावर वाट संपली. पुढे तुटक्या खांबांची रांग आणि काळा चिखल.

शीळ चिखलाच्या पलीकडून येत होती.

तिथे माणूस उभा राहू शकत नाही.

राधिका मागे वळली. वीसेक पावलं गेली असेल आणि बुटात गार पाणी शिरलं. मागची वाट बुडाली होती. अंधारात फळी कुठे आणि चिखल कुठे, काही कळेना. पुढे चिखल, मागे भरती, दोन्ही बाजूंना गवताची भिंत. फोनला रेंज नाही. जेमतेम चार फळ्या कोरड्या होत्या. त्यावर मायलेकी उभ्या राहिल्या.

"पेर्ते व्हा..."

आता डावीकडून.

"पेर्ते व्हा..."

आता उजवीकडून. अगदी जवळून.

मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग...

पायांखालच्या फळीच्या खालून.

खाली पाणी होतं. पाण्यातून शीळ येत नाही, एवढं विज्ञान राधिकालाही कळतं. ती मला म्हणाली, "मला भीती माझी नव्हती गं. घुबडाच्या हट्टाला हो म्हणून पोरीला मी तिथे नेलं होतं. तिला काही झालं असतं तर मी जगले नसते."

ती वाकली आणि लेकीच्या कानाला ओठ लावून पुटपुटली, "प्रीता, घाबरू नकोस." मग होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली.

"काका, आम्ही इकडे आहोत."



मग पन्नास-साठ फुटांवरून, चिखलाच्या बाजूने, बाईच्या आवाजात आलं...

"काका, आम्ही इकडे आहोत."

आवाज राधिकाचा होता. श्वासाची धाप होती तशीच.

प्रीताने आईचं तोंड दाबून धरलं. त्या पोरीला आईच्या आधी कळलं होतं.

तेवढ्यात लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. तीनदा. पुन्हा तीनदा. तो आपल्यासाठी आहे हे राधिकाला कसं कळणार? थोड्या वेळाने गवतावरून बॅटरीचा झोत फिरला.

"राधिका..." काकांचा आवाज. खरा.

ती तोंड उघडणार, तोच चिखलातून तिचाच आवाज म्हणाला, "काका, आम्ही इकडे आहोत."

"आलो गं, आलो." आणि झोत तिकडे वळला. चिखलाकडे.

आता करायचं काय? गप्प राहावं तर म्हातारा माणूस चिखलात उतरणार. ओरडावं तर ते पुन्हा शिकणार. राधिका ओरडली. "काका, नका जाऊ, ती मी नाही."

"काका, नका जाऊ, ती मी नाही," पलीकडून आलं.

झोत थांबला.

 मग काका अगदी शांतपणे म्हणाले, "राधिका, आता एक शब्द बोलायचा नाही. फोनची लाइट लाव आणि हलव."

तिने हलवली. पलीकडे गवतात अंधारच राहिला.

काका गुडघाभर पाण्यातून काठीने फळ्या चाचपत आले. राधिकाने नऊ वर्षांची पोर कडेवर घेतली, दुसऱ्या हाताने काकांचा कोट धरला. पार्किंगपर्यंत कोणी बोललं नाही. मागे मात्र बोलणं चालू होतं. तिच्याच आवाजात. हळूहळू लांब जात.

गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं. "काका, तुम्ही शीळ घालत घालत तिकडे का गेलात?"

 काकांनी ओठ वर केला. समोरचे दोन दात नव्हते.

"गुरुवारी काढले. नुसती हवा जाते. म्हणून आज हॉर्न. सव्वाचारपासून वाजवत होतो, हंसांच्या कल्ल्यात तुला ऐकू आला नसेल. सुरुवातीलाच सांगितलं होतं सगळ्यांना."



"मागच्या वर्षापासून कधी कधी माझ्या शिळेला उलट शीळ यायची," काका म्हणाले. "मला वाटायचं, आपल्यातलंच कोणीतरी मस्करी करतंय." मग म्हणाले, "सात वर्षं मीच शिकवत होतो त्याला."

ग्रुप बंद झाला. इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

डिसेंबरच्या मध्यात काका न कळवता राधिकाकडे आले. चहा नको म्हणाले. घुबडांचे आवाज गोळा करणारा त्यांच्या ओळखीचा एक गोरा माणूस त्या दलदलीत रेकॉर्डर लावून आला होता. त्यात एक बाई बोलत होती. कुठली भाषा, म्हणून त्याने काकांना विचारलं होतं.

काकांनी फोन ओट्यावर ठेवला.

आधी वारा. मग, "काका, आम्ही इकडे आहोत." राधिका ओट्याची कड धरून उभी होती. हे येणार हे तिला माहीतच होतं.

मग बराच वेळ वारा. आणि मग तोच आवाज, लाडाने, अगदी आईसारखा...

"प्रीता... ये गं. ये ना इकडे."

राधिकाने झडप घालून फोन बंद केला.

कारण त्या संध्याकाळी हे वाक्य ती बोललीच नव्हती. पोरीचा हात हातात होता. तिला बोलवायचं कशाला? लेकीचं नाव तिने घेतलं होतं ते एकदाच, कानाला ओठ लावून.

म्हणजे तेव्हा ते किती जवळ होतं? आणि आता ते नुसतं ऐकलेलं बोलत नाही, हे तर उघडच होतं.

त्या रात्री तिने प्रीताला समोर बसवून सांगितलं, मी हाक मारली तरी यायचं नाही. कुठेही असलीस तरी. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

प्रीताने ऐकून घेतलं. मग विचारलं, "ओके. बट मम्मा, व्हॉट इफ यू कम अँड इट्स नॉट यू?"

 

मागच्या महिन्यात मी चार दिवस त्यांच्याकडे होते. जेवण तयार झालं की राधिका गॅस बंद करते, हात पुसते आणि जिना चढून वर जाते. प्रीता तिच्याकडे आधी नीट बघून घेते. मगच उठते.