सातव्या खांबाची उताराची बाजू

हार्झच्या डोंगरातील चेअरलिफ्ट शनिवारी सातव्या खांबापाशी हिसका देऊन थांबली आणि खुर्चीतून पडून एक बाई जबर जखमी झाली. उताराच्या बाजूचा रोलर ग्रीसवाचून जाम झाला होता. दोष मेकॅनिक तनय राजवाडेवर आला. तीन वाजता निरीक्षक अहवालावर सही करणार होते. नोकरी गेली असती, तर जर्मनीतील वास्तव्यही धोक्यात आले असते.

"काकू, मंगळवारी मी सातव्याची फक्त चढाची बाजू केली," तनय म्हणाला. "बाकी खांबांना उभं राहून काम करायला दोन्हीकडे कट्टे आहेत. सातवा नवा, त्याला कट्टा एकाच बाजूला. दुसरीकडे दोराला टांगलेल्या पाळण्यातूनच जावं लागतं. ते काम बुधवारी आमचे वरिष्ठ क्लाउस करणार होते. मी तेव्हापासून रजेवर."

हॅनोव्हरच्या खासगी गुप्तहेर नीलांबरी दाते उठल्या. "अहो, चला."

"खांबावर चढायचं असेल, तर माझे गुडघे इथेच ठेवतो," त्यांचे यजमान मोहनराव म्हणाले.

"चढायचं नाही. ऐकायचंय."

नियंत्रण कक्षातील उटेने नोंदवही उघडली. मंगळवार: मोटरला तनयचे कुलूप, आठ ते पाच.

"किल्ली कोणाकडे?"

"जो शिडीवर असेल, त्याच्या खिशात. दुसरी किल्लीच नसते."

मुख्य मेकॅनिक क्लाउस हात पुसत बोलला. "मंगळवारी दुपारी मी खालून पाहिलं. तनय पाळण्यातून सातव्यापाशी गेला होता. बुधवारी मला काही उरलंच नव्हतं."

"नक्की मंगळवारी?"

"गेनाऊ, अगदी नक्की. नंतर तो रजेवर गेला."

बाहेर आल्यावर मोहनराव हळूच म्हणाले, "म्हणजे पोरगा खोटं बोलतोय?"

"पाळणा कशाने पुढे जातो, अहो?"

"दोराने."

"आणि दोर?"

मोहनराव चालता चालता थांबले.

पावणेतीनला सारे निरीक्षकांसमोर बसले.

"पाळण्याला स्वतःचं इंजिन नाही," नीलांबरी म्हणाल्या. "दोर फिरला, तरच तो सातव्यापर्यंत पोहोचतो. दोर मोटर फिरवते, आणि ती मंगळवारी दिवसभर कुलूपबंद होती. ही नोंद अपघाताच्या चार दिवस आधीची आहे. म्हणजे तनय पाळण्यात दिसणं अशक्य. जे घडलंच नाही, ते पाहिल्याचं सांगायची गरज एकालाच होती. बुधवारचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला."

क्लाउसने समोरची नोंदवही मिटली.

"पाळणा जोडण्यात अर्धा दिवस जातो. माणसं कमी होती. म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू. तिथे दुसरा कट्टा मागून मागून मी थकलो."

"ते खरं असेल. पण खापर या मुलावर फोडायचं नव्हतं."

निरीक्षकांनी तनयचे नाव खोडले.

क्लाउस उठला. दाराशी पोहोचल्यावर तो तनयकडे वळला. "उद्या पाळणा तूच काढशील. त्याची दोरावरची पकड जुनी आहे. बसण्याआधी दोनदा ओढून बघ."