पिवळी वायर

काम तसं साधंच होतं. गाडीतला जुना स्टिरिओ काढायचा आणि नवा बसवायचा. घड्याळवाले चहा घेऊन घरून निघाले, स्टिरिओवाल्याच्या दुकानासमोर गाडी लावली आणि तिथेच दाराला टेकून उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं उघडली त्या माणसाने, पण आपली गाडी दुसरा उघडणार म्हटल्यावर जीव टांगणीला लागला.

"काका, बाकावर बसा. ऑपरेशन चालू असताना घरच्यांनी आत यायचं नसतं," स्टिरिओवाला म्हणाला.

"मी नुसतं बघतो."

"बघा. पण उसासे सोडू नका, माझा हात हलतो."

जुना स्टिरिओ गाडीबरोबरच आलेला, कंपनीचा. त्यावर आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं एक बटण होतं. ते पार डावीकडे फिरवलेलं आणि बोटाने घासून गुळगुळीत झालेलं. बोट त्यांच्या बायकोचं. तिला उजव्या कानाने ऐकू येत नसे, आणि गाडी चालवताना घड्याळवाले नेमके तिच्या उजवीकडे. "देवाने विचार करूनच दिलाय हा कान," असं ती आल्यागेल्याला सांगायची. "यांचं ऐकावं लागत नाही, गाणं तेवढं येतं." सगळं गाणं तिच्या दारातून वाजायचं. घड्याळवाल्यांच्या वाट्याला यायचं ते शेजारच्या घरातून आल्यासारखं.

ती जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या बटणाला त्यांनी हात लावला नव्हता. पण मग स्टिरिओच मुका झाला, नुसती खरखर करू लागला. मुकी गाडी चालवणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. घरात निदान भिंतीवरची घड्याळं टिकटिकतात. गाडीत ते, आणि शेजारी रिकामी सीट. खड्ड्यात चाक गेलं की त्या सीटचा मोकळा पट्टा काचेवर टक् करून आपटायचा, आणि घड्याळवाले दर वेळी तिकडे वळून बघायचे.

दुपारपर्यंत नवा स्टिरिओ बसला. पाटीएवढी स्क्रीन. त्यात गाडीचं चित्र, छपरातून बघावं तसं, आणि चित्रात सगळ्या सीटा.

"हा पांढरा ठिपका जिकडे न्याल तिकडे आवाज," स्टिरिओवाला म्हणाला. "मी मधोमध ठेवलाय. आता दोन्ही कानांनी ऐका."

परतताना गाणं दोन्ही बाजूंनी आलं. कितीतरी शब्द घड्याळवाल्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आले. बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर स्क्रीनवरचं घड्याळ शून्यावर. लावलेली रेडिओ स्टेशनंही पुसलेली. त्यांनी घड्याळ लावलं. गाडी बंद करून भाजी घेतली, पुन्हा सुरू केली, तर पुन्हा शून्य. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं, पण यांच्या डोळ्यांत ते शून्य कुसळासारखं सलायला लागलं. त्या नादात दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. गाणं डावीकडून येत होतं. नुसतं डावीकडून.

आपलाच हात लागला असेल, असं म्हणत त्यांनी ठिपका मधे आणला. पुढच्या वेळी तो पुन्हा डावीकडे, पुढच्या सीटवर.

मग ते दुकानात गेले. तक्रार घड्याळाची केली. ठिपक्याचं बोलायला जीभ उचलेना.

स्टिरिओवाल्याने स्टिरिओ पुढे ओढला, मागे डोकावला आणि कपाळावर हात मारला. "चुकलो काका. हे बघा, लाल वायर किल्लीबरोबर जागी होते, किल्लीबरोबर झोपते. पिवळी कायम जागी असायला पाहिजे, तिच्या जिवावर हा सगळं लक्षात ठेवतो. तुमच्या गाडीत कंपनीने रंग उलटे दिलेत आणि मी रंगाला रंग जोडून मोकळा झालो. म्हणून विसरभोळा झालाय. गाडी बंद झाली की याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही."

"काहीच आठवत नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"मग हे कसं आठवतं?" घड्याळवाल्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं.

स्टिरिओवाल्याने ठिपका मधे आणला. किल्ली बंद, किल्ली चालू. घड्याळ शून्य, स्टेशनं कोरी, आणि ठिपका डावीकडे. त्याने पुन्हा करून बघितलं. मग हात पँटला पुसले, पुसायला काही नसताना.

"गाडी ठेवून जा. वायर बदलून देतो," तो हळू आवाजात म्हणाला.

"नको."

"अहो काका, पाच मिनिटांचं काम..."

"नको म्हटलं ना. वेळ मी मनगटावर बघीन."

त्या दिवसापासून घड्याळवाल्यांच्या घराला कुलूप आणि गाडीला चाकं, असं झालं. काम नसताना निघायचे. डावीकडे गाणं वाजत असायचं आणि हे बोलत असायचे: दूधवाला पाणी घालतो, तुझी कुंडी जगली, गुडघा दुखतो. उत्तर येत नसे. पण उत्तर तर ती जिवंतपणीही कुठे देत होती? जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली.

मुलगी भेटायला आली. तिला स्टेशनवरून घेताना त्यांनी पुढचं दार उघडू दिलं नाही.

"मागे बस."

"आईच्या जागेवर मी बसले तर काय झालं, बाबा?"

"मागे बस म्हणतो ना."

ती मागे बसली. पुढे तिने ऐकलं, बाप रिकाम्या सीटला वळण कुठे घ्यायचं ते विचारत होता. घरी आल्यावर ती रडली नाही, पण भांडी घासताना म्हणाली, "गाडी विकून टाका. माझ्याकडे चला. तुमची खोली तयार आहे."

"इथे मी एकटा नाही गं," ते म्हणाले.

मग तिने नळ बंद केला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली.

त्यानंतर धुक्याचे दिवस आले. एका संध्याकाळी घड्याळवाले गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि शेजारून आवाज आला नाही. मागून आला. ठिपका मागच्या सीटवर गेला होता, डाव्या कोपऱ्यात.

त्यांना आधी हसू आलं. रुसली की काय? मग हसू तिथेच थांबलं. रुसून ती कधी मागे जात नसे, रुसली तर पुढे बसून खिडकीबाहेर बघायची. मागे जायची ती एकाच वेळी. कोणी बरोबर यायचं असलं की न सांगता उठायची आणि पुढची जागा पाहुण्याला द्यायची.

त्यांनी शेजारी बघितलं. सीट रिकामीच होती. पण पार मागे सरकवलेली, लांब पायांच्या माणसासाठी सरकवतात तशी. बायको ठेंगणी, सीट कायम डॅशबोर्डला भिडलेली असायची. आणि गाडीत वास होता, फार दिवस बंद असलेली खोली उघडल्यावर येतो तसला.

"कोण आलंय गं?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

मागचं गाणं हळू झालं... आणखी हळू झालं. वडीलधारं माणूस गाडीत असलं की ती असाच आवाज कमी करायची.

त्यांनी गाडी थेट स्टिरिओवाल्याच्या रस्त्याला घातली. पाच मिनिटांचं काम. पिवळी वायर जागेवर गेली की ठिपका ठेवला तिथेच राहील, शेजारचा जाईल. धुक्यातून दुकानाचा दिवा दिसला, स्टूल दिसलं, स्टिरिओवाल्याची वाकलेली पाठ दिसली. ब्रेकवर पाय गेला. पण शेजारचा जाईल तशी मागचीही जाईल. मग मुकी गाडी, आणि मुलीकडची ती तयार खोली. मागे गाणं पुटपुटल्यासारखं चाललं होतं. पाय ब्रेकवरून निघाला. दुकान मागे पडलं.

घरापर्यंत त्यांनी एकदाही डावीकडे बघितलं नाही. गिअर टाकताना मात्र हात अंगाशी धरूनच टाकला.

दुसऱ्या संध्याकाळी धुकं इतकं दाट होतं की फाटकातून गाडी नुसत्या सावलीसारखी दिसत होती. घड्याळवाल्यांनी दार उघडलं, आत बसले आणि पाय पुढे केला. पाय क्लचला पोचला नाही. त्यांचीच सीट मागे गेलेली. त्यांनी खालचा खटका ओढला, अंगाने जोर लावला. सीट हलेना. एखादं जड माणूस बसलेलं असताना हलत नाही, तशी.

ते बाहेर आले. दार लावलं. किल्ली मुठीत होती, अजून लावलीही नव्हती. तरी स्क्रीन उजळली, आणि मागच्या काचेआडून गाणं सुरू झालं, मंद, जुनं, तिच्या आवडीचं.

घराकडे बघितलं तर खिडक्यांत अंधार होता. आत घड्याळं चालत असतील, एवढंच.

त्यांनी मागचं दार उघडलं. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. ते आत बसले आणि दार ओढून घेतलं. फार दिवसांनी त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "सरक थोडी," ते हळूच म्हणाले, आणि डोळे मिटून गाणं ऐकत राहिले.

बऱ्याच वेळाने बारीक करकर ऐकू आली म्हणून त्यांनी डोळे उघडले. पुढच्या काचेवरचा आरसा हलत होता. थोडा वर, थोडा उजवीकडे. कोणीतरी, अगदी सावकाश, तो आपल्या उंचीला जुळवून घेत होतं.