कागदावर न चढलेला पेला

कावीळ वॉर्डाच्या दारात त्या दोघांची पहिली भेट झाली ती चक्क भांडणाने. त्याच्या हातात थर्मास, आणि सकाळपाळीची नर्स दार अडवून उभी.

"बाहेरचं खाणंपिणं आत चालत नाही."

"खाणंपिणं कसलं, सिस्टर… काढा आहे. एक घोट घेऊन बघा, परत कुणाला अडवायचं नाव घेणार नाही."

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि उलगडा झाला. विषाणूच्या काविळीवरचे नेहमीचे उपचार चालूच राहणार होते, जोडीला या तरुण वैद्याचा काढा देऊन पाहायचा होता. अट एकच – प्रत्येक पेला वेळेसकट रोग्याच्या कागदावर चढवायचा आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. तो रोज दहाला यायचा. तिची नजर मात्र साडेनऊपासूनच घड्याळावर.

"आज उशीर केलात."

"दोनच मिनिटं."

"तीन."

"मोजता वाटतं?"

ती खाली मान घालून सही करत राहिली… कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. काढ्याचा कडू वास त्याच्या बोटांना कायमचा चिकटलेला असे, आणि तो आपल्याला आवडायला लागलाय हे कळल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याची आईच वॉर्डात दाखल झाली. डोळे पिवळेधमक, पण जीभ शाबूत. "याला बोलायचं जमत नाही गं," ती नर्सचा हात धरून म्हणाली. "मीच विचारते. घरी कोण कोण असतं तुझ्या?" तो घाईघाईने खिडकीबाहेरची रिमझिम बघायला लागला. त्या दिवशी नर्सचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पण आईच्या रक्ततपासणीतले काविळीचे आकडे रोज चढत गेले. तिची बडबड थांबली, आणि त्याचीही.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता आईचं तोंड पुसताना नर्सला तोच कडू वास आला. दहाला अजून तीन तास होते. कागदावर आजची नोंद कोरी होती. तिने त्याला जिन्यात गाठलं.

"किती दिवस देताय?"

"तीन. पाळी बदलते तेव्हा… एक जास्तीचा पेला."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं."

"हो. लिहिलं असतं."

"म्हणूनच. माझी आई आहे ती. हातावर हात ठेवून बसू का मी?"

तिने लिहिलं. लिहिताना तिला वाटलं, आपण आपल्याच हाताने सगळं मोडतोय. त्याच दिवशी साऱ्या वॉर्डाचा काढा बंद झाला. आई दोन दिवसांनी गेली. आजाराने की त्या पेल्यांनी, डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. वेळच्या वेळी कळलं असतं तर निदान त्या प्रत्येक पेल्यानंतर रक्त तपासून पाहता आलं असतं, एवढंच त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी तो औषधांच्या खोलीत आपली काढ्याची भांडी न्यायला आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला.

"तुम्ही मला आवडता," तो भांड्यांकडे बघत म्हणाला. "आईला ठाऊक होतं. मला अजूनही घर मांडायचंय… तुमच्याबरोबर. फक्त एकदा म्हणा, ती माझ्यामुळे गेली नाही. तुम्ही म्हणालात तर माझा विश्वास बसेल."

असं वाक्य तिने आजवर कितीतरी नातेवाइकांना ऐकवलं होतं. काही खर्च होत नाही, माणूस घरी जाऊन झोपतो. पण याच्याबरोबर तिला जन्म काढायचा होता, आणि रोज सकाळी उठून त्याच्या तोंडाकडे बघत हे खोटं तिला पेलवलं नसतं. तिला रडू आवरेना.

"मलाही तुम्हीच हवे आहात," ती म्हणाली. "पण मला माहीत नाही. खरंच माहीत नाही हो."

तिचे डोळे पुसायला त्याने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"तुम्ही समोर असलात की मी रोज विचारत राहीन," तो म्हणाला, आणि भांडी तिथेच टाकून निघून गेला.