दुसरी प्रत

सुनेत्राच्या प्रयोगशाळेत रडारडीला जागा नव्हती. लोकांनी क्लाउडवर ठेवलेल्या, मग घाईघाईने पुसलेल्या फाइलींचा माग काढणं हा तिचा संशोधनाचा विषय. नोएडातल्या त्या काचेच्या इमारतीत पोलीससुद्धा तिच्यासमोर जरा सांभाळूनच बोलत. "मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," असं ती त्यांना तोंडावर ऐकवायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं.

त्या दुपारी मयुरा समोर बसली होती. तिचा नवरा जयदीप गुरुग्रामच्या ऑफिसातून निघाला तो घरी पोचलाच नव्हता. वर्ष होत आलं होतं. कोर्टाच्या परवानगीने त्याचं क्लाउड खातं सुनेत्राकडे आलं, आणि त्यात पुसलेला एक व्हॉइस मेसेज सापडला. आवाज त्याचाच आहे का, एवढंच मयुराने सांगायचं होतं.

"जिवंत असेल ना हो तो?"

"तुम्ही आवाज ओळखा. पुढचं माझ्यावर सोडा," सुनेत्रा म्हणाली. पुढचं सगळं आपण शोधून काढू, असं तिला खरंच वाटत होतं.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा इथला नियम. ऐकायला तिच्या दोन प्रती काढलेल्या होत्या, आणि संगणकाला नेटची वायरसुद्धा जोडलेली नव्हती.

पहिली प्रत सुरू झाली. रस्त्यावरचे हॉर्न, मग हसरा आवाज. "मयुरा, निघालो गं. भाजी आणू का?"

मयुराने ओढणी तोंडाला लावली. "तोच! परत लावा ना, प्लीज."

सुनेत्राने परत लावलं. या वेळी हॉर्न नव्हते.

"मयुरा, घराला कुलूप आहे. कुठे गेलात तुम्ही?"

"फरीदाबादला, दादाकडे," मयुरा भान हरपून बोलून गेली. "सेक्टर पंधरा, पार्कासमोरचं पिवळं घर. ये ना रे!"

"अच्छा," आवाज म्हणाला.

सुनेत्राच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याचा तिला रागच आला. कोणीतरी फाइलीत गडबड केली असणार! तिने हॅश तपासला. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. आत जरा काही हललं तरी तो बदलतो. इथे तो मूळ फाइलशी तंतोतंत जुळत होता.

"चलो, दुसरी प्रत बघू," ती म्हणाली. आवाज ठाम ठेवायला तिला या वेळी कष्ट पडले.

दुसऱ्या प्रतीतही जयदीपच बोलत होता, पण थकलेला, फार लांबून.

"मयुरा, आधी बोलला तो मी नाही."

सुनेत्राने आवाज वाढवला.

"तो पत्ता विचारेल. सांगू नकोस."

मयुराचा फोन वाजला. फरीदाबादला मामाकडे ठेवलेली तिची मुलगी, सुखदा. मयुराने स्पीकर सुरू केला.

"मम्मा, बाबा आलेत! मी दार उघडलं. ते विचारतायत, तू आत्ता कुठे आहेस?"