आपल्याच दारात पाहुणी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या, जागा आहे. आज एका नाताळची गोष्ट ऐका... कोंबडी करपली, केक चेपला, आणि तरीही प्रभू त्या घरी जेवून गेला!

ती शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला ताईच म्हणे. नाताळच्या दुपारी ताई परगावी, धाकट्या भावाच्या दारासमोर केकचा डबा पोटाशी धरून उभी होती, आणि दाराला कुलूप होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा आली होती, तीही न कळवता. कळवलं तर नको म्हणेल, ही धास्ती.

"सकाळीच गेले हो तिघं, नवे कपडे घालून," खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यातून म्हणाले.

"कुठं गेले?"

"मला कोण सांगतंय. आमच्या घरचं मांजरसुद्धा मला सांगून जात नाही."

ताई हसली आणि जिना उतरू लागली. सहा वर्षांपूर्वी बाबा अखेरच्या घटका मोजत होते, आणि त्याच आठवड्यात इथं भावजयीच्या जिवावर बाळंतपण बेतलं होतं. बाबांनी ताईचा हात धरून वचन घेतलं, "त्याला कळवू नकोस. तो तिच्यापाशीच राहू दे." मग भावाचा फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप! ताई हसली, भरभरून बोलली, आणि "बाबांना दे" म्हटल्यावर म्हणाली, "झोपलेत रे." पहाटे बाबा गेले. दफनविधी उरकल्यावर भाऊ म्हणाला, "माझे बाबा जात होते आणि तू फोनवर हसत होतीस. मला पुन्हा तोंड दाखवू नकोस."

ताईनं ते ऐकून घेतलं... खरं सांगितलं असतं, तर त्या तान्हीच्या जन्मावर कायमची सावली पडली असती. पोरीच्या वाट्याचा राग आपल्या पदरात घेऊन ती माउली गप्प राहिली. दर नाताळला मात्र एक कार्ड पाठवायची, खाली एवढंच, "आत्याकडून". उत्तर कधी आलं नाही.

परतीच्या बसमध्ये एक जाडजूड बाई डब्यावरच बसल्या आणि सगळा प्रवासभर माफी मागत राहिल्या. ताई त्यांनाच धीर देत होती.

घरापाशी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि हे काय... तिच्या खिडकीत उजेड, आतून करपल्याचा वास! घाबरत तिनं आपलंच दार वाजवलं. सहा वर्षांच्या मुलीनं ते उघडलं.

"कोण हवंय?"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. कपाळ हुबेहूब बाबांचं होतं.

"आत्या बाहेर गेलीय," मुलगी म्हणाली. "तुम्ही आत येऊन बसा. पाय पुसा पण. आत्ताच आईनं फरशी पुसलीय."

घर ज्याचे तोच दारी उभा,
आतला विचारी, कोण तू बाबा?

मंडळी, ज्यानं हे जग उभं केलं, तोही असाच आपल्याच घरी पाहुणा होऊन आला ना! गोठा झाडलाय की नाही, हे त्यानं विचारलं नाही. ताईनंही काही विचारलं नाही. निमूट पाय पुसले आणि आत आली.

स्वयंपाकघरातून भाऊ धावत आला, हात काळे, डोळे लाल. पोरीला यंदा वाचता येऊ लागलं होतं. कार्ड तिनं वाचलं आणि आत्याचा हट्ट धरला, म्हणून तो कसाबसा आला होता. इथं कुलूप पाहिल्यावर शेजारच्या नर्सबाईंनी आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडून दिलं. बाबांची शुश्रूषा त्यांनीच केली होती. "वचन ताईनं दिलं होतं, मी नाही," असं म्हणत त्यांनी आज सगळं सांगून टाकलं होतं.

"ताई..." भाऊ तिच्या पायांशीच बसला. "सहा वर्षं गं. एकदा तरी सांगायचंस."

"पोरीसमोर नको."

"तिनंही ऐकलंय, ताई," भावजय डोळे पुसत म्हणाली. "माझा जीव राहावा म्हणून तुम्ही स्वतःचा भाऊ गमावलात."

मुलगी आत्याकडे बघत होती. "म्हणजे मी आले ते आजोबांना कळलंच नाही?"

ताईनं तिला मांडीवर ओढलं. सहा वर्षं ज्या गोष्टीला ऐकणारं कुणी नव्हतं, ती आज ओठांवर आली. "कळलं की. फोन ठेवला आणि धावत जाऊन त्यांच्या कानात सांगितलं, बाळ आलंय. डोळे मिटलेले होते, पण हसले बघ... गालभर हसले. ते हसू घेऊनच गेले."

भाऊ ओंजळीत तोंड लपवून रडला. आणि रडता रडता तोही हसायला लागला, कारण मुलगी वाकून त्याचं हसू कितपत गालभर आहे ते तपासत होती.

मग पानं घेतली. कोंबडीची काळी बाजू भावानं स्वतःच्या ताटात वाढून घेतली. केक चमच्यांनी खरवडून खाल्ला. खुर्च्या तीनच, म्हणून मुलगी सगळा वेळ आत्याच्या मांडीवर. प्रार्थना भावानं म्हटली, निम्मी विसरला.

नर्सबाई मात्र जेवायला नव्हत्या. त्यांची संध्याकाळची पाळी होती. नाताळच्या दिवशीही त्या कुणा परक्या माणसाच्या उशाशी बसून नाडी बघत होत्या. आज घरी जाऊन हात जोडाल, तेव्हा त्या बाईंची आठवण ठेवा.