माझ्या आवाजातली पाहुणी

दिवा जरा इकडे सरकवते, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल. हल्ली माणूस समोर दिसल्याशिवाय मी बोलत नाही.

त्या संध्याकाळी मी पाव आणायला खाली उतरले होते, एवढंच. बेकरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिच्या फळीवर त्या वेळी पाहुणी बसलेली असायची. त्या दिवशी नव्हती.

पाहुणी म्हणजे एक साळुंकी. एका पायानं लंगडी. कुठून आली कोण जाणे, पण बघता बघता गल्लीचीच होऊन गेली. सकाळी बेकरीवाल्याकडे चुरा खायची, दुपारी न्हाव्याच्या आरशासमोर मिरवायची आणि मी शिवायला बसले की माझ्या खिडकीत येऊन, मान वाकडी करून माझं तोंड बघत राहायची. नकला तर अशा करायची, की न्हाव्याचा खोकला ऐकू आला की त्याची बायको आतून ओरडायची, "आधी औषध घ्या!" न्हावी वस्तरा पुसत म्हणायचा, "बघा! मी खोकलो तर बाई ढिम्म. पाहुणी खोकली की लगेच औषध!"

माझा आवाजही तिनं उचलला होता. मला त्याचं कौतुकच वाटायचं. हातावर दाणे ठेवून मीच तिच्याकडून वदवून घ्यायची.

समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहायची. ताईची नजर गेली होती, ताठा गेला नव्हता. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणायची, "तुझ्या घरात चाचपडत बसू? माझी खोली मला पाठ आहे." खोलीपुढे गच्ची. ती कपडे वाळत घालायला बाहेर आली की मी माझ्या खिडकीतून वाट सांगायची. "सरळ ये, ताई... थोडी डावीकडे... हां, थांब." माझा आवाज धरून ती अशी चालायची, की बघणाऱ्याला वाटावं, हिला दिसतंय.

गवंड्यानं त्या गच्चीचा मोडका कठडा नुकताच पाडला होता. मी ताईला बजावलं होतं, "मी हाक मारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"नाही ओलांडत गं, माझे आई," ती म्हणाली होती.

बेकरीवाला पाव कागदात गुंडाळत होता आणि दिवे गेले. गल्ली एकदम गप्प झाली. भट्टीतल्या करपल्या कडांचा वास तेवढा दाटून आला. आणि त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला.

"ताई, ये... सरळ ये..."

बेकरीवाल्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते.

पाव तिथेच टाकून मी धावले. आभाळात अजून थोडा उजेड होता. ताई गच्चीच्या मधोमध आली होती. कठडा होता त्या जागी विटा रचल्या होत्या, त्यांच्या टोकाला पाहुणी बसली होती.

"ताई, थांब! थांब!"

मला धाप लागली होती, भीतीनं आवाज चिरकला होता. तो आवाज माझा मलाच ओळखू येईना. वरून येणारा मात्र शांत, मायेचा, अगदी रोजचा होता. "ये, ताई... मी आहे ना..."

ताई थांबली. वाचली, असं वाटलं मला. तिनं विटांकडे तोंड करून हलकेच काहीतरी विचारलं. उत्तर मला ऐकू आलं नाही. ताईनं मान डोलावली. हसली. आणि माझ्या दिशेनं हात झटकला, दाण्यांवर आलेलं पाखरू हुसकावतात ना, तसा.

मग तिनं पाऊल टाकलं.

गवंड्याच्या रेतीवर पडली म्हणून जीव राहिला. पण ती पुन्हा उभी राहायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानं रोजच्यासारखाच चुरा टाकला. "मुकं पाखरू ते, त्याला काय कळतंय?" न्हाव्याची बायको मला समजावत होती. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मलाही.

इस्पितळात ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिचा हात हातात घेतला, हाक मारली. तिनं हात काढून घेतला.

"तुझ्या आवाजावर पाऊल टाकलं मी," ती म्हणाली. "का गं केलंस असं?"

"अगं, ती मी नव्हते... ती पाहुणी होती, ताई. माझी नक्कल करत होती."

ताईनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली,

"हेच तर तू वर म्हणालीस... मी विचारलं, खाली कोण ओरडतंय? तू म्हणालीस, ती पाहुणी. माझी नक्कल करते मेली. लक्ष देऊ नको... तू ये."